सुरणाला घाबरू नका: बाजारातून ताटापर्यंत आणि ताटातून कुंडीपर्यंत

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात नागपूरच्या कॉटन मार्केटमध्ये किंवा गोकुळपेठच्या भाजीबाजारात गेलात, तर एखाद्या दुकानाच्या कडेला सुरणाचे मोठाले कंद मांडलेले दिसतील. मातीने माखलेले, खडबडीत, वरून मध्यभागी खोलगट. उत्तर प्रदेश-बिहारकडून येऊन इथे कित्येक पिढ्यांपासून राहणारी कुटुंबं ते हमखास घेतात, कारण त्यांच्याकडे दिवाळीला जिमीकंदाची भाजी व्हावीच लागते. मराठी घरांतले मात्र ज्यांनी लहानपणी आजीच्या हातचा सुरण खाल्ला आहे तेवढेच थांबतात. बाकीचे पुढे आलू-कांद्याकडे वळतात. का म्हणून विचारलं तर उत्तर एकच येतं: खाजतो.

खाजतो हे खरं आहे. पण ती खाज कशाने येते हे समजलं की तिचा बंदोबस्त अर्ध्या तासात होतो. तेवढ्या अर्ध्या तासाच्या भीतीपायी इतका चांगला कंद घरात येत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. हा लेख ज्यांनी सुरण कधी चिरलेलाही नाही त्यांच्यासाठी आहे.

आधी कळू द्या, यात आहे काय

सुरण हा अळूच्या कुळातला कंद. जमिनीखाली वाढतो म्हणून आपण त्याला मूळ म्हणतो, पण तो आहे खोडाचाच फुगलेला भाग. म्हणून तर त्याला डोळे असतात आणि त्यातून कोंब येतो.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यांत 100 ग्रॅम कच्च्या सुरणाचे आकडे असे आहेत: पाणी 78 ग्रॅमच्या वर, कर्बोदकं 18 ग्रॅमच्या आसपास, उष्मांक 79, प्रथिनं सव्वा ग्रॅमच्या आत, चरबी नावापुरती. त्याच तक्त्यांत आलूचे उष्मांक 97 आणि कर्बोदकं साडेबावीस ग्रॅम आहेत, रताळ्याचे उष्मांक 120 आणि कर्बोदकं 28 ग्रॅम. म्हणजे पोट भरणाऱ्या कंदांमध्ये सुरण त्यातल्या त्यात हलका. तंतू चांगले आहेत, पोटॅशियमही भरपूर आहे. पोट साफ राहायला त्याचा उपयोग होतो तो मुख्यतः या तंतूंमुळे.

कॅल्शियम कागदावर 50 मिलिग्रॅम दिसतं. पण ते धरून हिशेब करू नका. सुरणातलं बरंच कॅल्शियम ऑक्सलेट नावाच्या द्रव्याशी बांधलेलं असतं आणि शरीराला त्यातलं फार थोडं मिळतं. कॅल्शियमसाठी दही-दूध, तीळ, नाचणी आहेतच. प्रथिनांचंही तसंच. सुरणाच्या भाजीबरोबर ताटात वरण हवंच.

मोबाइलवर सुरणाबद्दल दोन गोष्टी फार फिरतात. एक, सुरणाने वजन झपाट्याने उतरतं. दुसरी, सुरणाने बायकांचे हार्मोन ताळ्यावर येतात. या दोन्ही गोष्टी दुसऱ्याच झाडांच्या नावावरच्या आहेत. वजनाची गोष्ट जपानकडच्या कोंजॅक नावाच्या कंदाची. तो सुरणाचा चुलत भाऊ खरा, पण त्यात ग्लुकोमॅनन हा पाण्यात फुगणारा तंतू भरपूर असतो आणि आपल्या सुरणात मुख्यतः पिष्ट असतं. हार्मोनची गोष्ट करांद्याच्या कुळातल्या वेलींची. त्यांच्यातल्या काहींमध्ये डायोसजेनिन नावाचं द्रव्य असतं आणि औषधी कारखाने त्यापासून हार्मोन तयार करत आले आहेत. सुरण त्या कुळातला नाही, आणि करांदा खाल्ल्यानेही पोटात हार्मोन तयार होत नाहीत. सुरणाचे स्वतःचे गुण पुरेसे आहेत, त्याला उसने गुण चिकटवायची गरज नाही.

पहिलं काम: निवडणं

अख्खा कंद दोन-चार किलोचा सहज असतो. दोन-तीन माणसांच्या घरात तो संपत नाही, म्हणून पहिल्यांदा कापलेला तुकडा घ्या. अर्धा किलो पुरे. भाजीवाला समोर कापून देत असेल तर उत्तम, कारण आतला गर तेव्हाच दिसतो. गर पांढरट, फिकट गुलाबी किंवा फिकट नारिंगी असा एकसारखा असावा. काळे-तपकिरी ठिपके, मऊ पडलेला भाग, आंबूस वास यातलं काही असेल तर सोडून द्या. अख्खा घेणार असाल तर अंगठ्याने चहूबाजूंनी दाबून बघा. कुठेही दबायला नको आणि आकाराच्या मानाने हातात जड लागायला हवा. वरच्या खोलगट भागातला कोंब फार लांब वाढलेला नको.

बाजारात साधारण दोन तऱ्हा भेटतात. एकाची साल तुलनेने गुळगुळीत असते, बाजूला लहान-लहान कंद फुटलेले नसतात आणि खाज फार कमी असते. बरेचदा हा ‘गजेंद्र’ या जातीचा माल असतो. आंध्र प्रदेशातल्या कोव्वूरहून ही जात पुढे आली आणि देशभर पसरली. तिरुअनंतपुरमला 1963 साली सुरू झालेल्या केंद्रीय कंदपीक संशोधन संस्थेची ‘श्री पद्मा’ ही जातही अशीच सौम्य आहे. दुसरी तऱ्हा गावठी: साल खरखरीत, बाजूला पिल्लं फुटलेली, गराचा रंग बहुधा गडद. हा चांगलाच खाजतो, पण चवीला दाट असतो असं जुनी माणसं सांगतात. नवख्याने पहिल्यांदा गुळगुळीतच घ्यावा. भाजीवाल्याला सरळ विचारा, “दादा, खाजणारा आहे का?” नेहमीचा भाजीवाला खरं सांगतो, कारण तुम्ही दुसऱ्या दिवशी परत येणार हे त्याला माहीत असतं.

नुकताच खणलेला सुरण जास्त खाजतो आणि काही आठवडे ठेवलेला कमी, हाही भाजीवाल्यांचा अनुभव. म्हणून हिवाळ्याच्या सुरुवातीचा ताजा माल घेतला तर शिजवताना चिंचेसारखं आंबट थोडं जास्त वापरा.

जंगलातला सुरण किंवा ओळख नसलेला कुठलाही रानकंद मात्र नवख्याने घरी आणू नये. विदर्भाच्या जंगलपट्ट्यात राहणाऱ्या लोकांना कुठला कंद किती वेळा उकळायचा, किती काळ वाहत्या पाण्यात ठेवायचा, याचं पिढ्यांचं ज्ञान आहे. ते ज्ञान फोटो पाहून येत नाही, आणि काही रानकंद खरोखर विषारी असतात.

ठेवायचा कसा

अख्खा कंद न धुता, कोरड्या आणि हवेशीर जागी ठेवला तर महिना-दोन महिने टिकतो. फ्रीजमध्ये नको. आपल्याकडच्या मे महिन्यात टिनाखालच्या खोलीत किंवा गच्चीच्या जिन्यात ठेवू नका, आतून सुकतो. कापलेला तुकडा कागदात गुंडाळून फ्रीजमध्ये तीन-चार दिवस राहतो. कापलेली बाजू वाळून कडक होते, तेवढी पातळ चकती काढून टाकली की झालं.

दुसरं काम: चिरणं

नवखे लोक इथेच फसतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

सुरणाच्या पेशींमध्ये कॅल्शियम ऑक्सलेटचे सुईसारखे टोकदार स्फटिक जुड्यांनी भरलेले असतात. चिरताना पेशी फुटतात, स्फटिक बाहेर येतात आणि कातडीत किंवा जिभेला-घशाला टोचतात. त्यांच्याबरोबर काही दाहक प्रथिनंही असतात. टोचलेल्या जागी ती गेली की आग सुरू होते. सालीत आणि सालीच्या लगतच्या थरात हा त्रास सगळ्यात जास्त.

आता कृती. सुरण आधी धुऊ नका. कोरड्या ब्रशने किंवा जुन्या फडक्याने माती झाडून टाका. ओल्या हाताला आणि ओल्या सुरणाला खाज जास्त लागते, हे ज्यांनी चिरला त्या सगळ्यांना ठाऊक आहे. हात कोरडे करून बोटांना, बोटांच्या बेचक्यांत आणि मनगटापर्यंत फल्ली तेल (शेंगदाण्याचं) किंवा खोबरेल चोळा. हातमोजे असतील तर घालाच, त्यात कमीपणा काही नाही. खाली वर्तमानपत्र अंथरा, म्हणजे साल आणि माती गोळा करून सरळ टाकता येते.

साल पातळ काढायची नाही. अर्धा सेंटिमीटर जाडीची साल गरासकट जाऊ द्या. काटकसरी माणसाला हे जड जातं, पण पुढची निम्मी खाज इथेच जाते. कोंबाभोवतीचा गुलाबी भागही खणून काढा (कुंडीत लावायचा विचार असेल तर तेवढा तुकडा बाजूला ठेवा). मोठ्या कंदाला विळीपेक्षा जड सुरी बरी पडते, कारण सपाट पाटावर ठेवून दाबता येतं. फोडी दोन सेंटिमीटरच्या आसपास करा. फार बारीक केल्या तर उकळताना विरघळतात, मोठ्या ठेवल्या तर आंबट आतपर्यंत जात नाही. चिरलेल्या फोडी लगेच मीठ घातलेल्या पाण्यात टाका आणि दोन-तीनदा पाणी बदला.

चिरताना डोळ्याला, नाकाला हात लावू नका. लहान मुलं आसपास असतील तर सालींकडे लक्ष ठेवा. काम झालं की सुरी, पाट आणि ओटा आधी लिंबाच्या सालीने घासा, मग साबणाने धुवा.

हाताला खाज सुटलीच तर लगेच पाण्याखाली धरायची घाई नको. चिंचेचा कोळ, लिंबू किंवा आंबट ताक चोळून दोन मिनिटं थांबा, नंतर साबणाने धुवा आणि तेल लावा. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं.

तिसरं काम: आंबटात उकडणं

अर्धा किलो फोडींसाठी एका गंजात, म्हणजे पातेल्यात, दीड लिटर पाणी घ्या. त्यात लिंबाएवढी चिंच भिजवून काढलेला कोळ, एक मोठा चमचा मीठ आणि अर्धा चमचा हळद घाला. हळद वर्धा जिल्ह्यातली वायगावची मिळाली तर रंगही सुरेख येतो. पाण्याला उकळी आली की फोडी सोडा आणि मध्यम आचेवर झाकण न ठेवता बारा ते पंधरा मिनिटं शिजू द्या. सुरी सहज आरपार गेली की झालं. मग ते पाणी फेकून द्या. फेकूनच द्या, रश्शाला वापरू नका. पाण्यात विरघळणारं ऑक्सलेट त्यातच उतरलेलं असतं.

चिंचेच्या जागी काय चालतं? आंबट ताक चालतं, कोकम चालतं, उन्हाळ्यात कैरीच्या फोडी चालतात. आपल्या भागात अंबाडी मुबलक मिळते. तिची पानं मूठभर टाकली तरी काम होतं आणि चवही छान लागते. उपासाला चिंच चालत नसलेल्या घरांत लिंबू आणि दही वापरतात.

नुसत्या उकळण्याने स्फटिक विरघळत नाहीत. उष्णतेने दाहक प्रथिनं निकामी होतात, आंबटाने स्फटिकांचा जोर कमी होतो आणि फेकलेल्या पाण्याबरोबर उरलेलं बरंच जातं. म्हणून उष्णता, आंबट आणि पाणी फेकणं यातलं एकही वगळू नका. कुकर वापरायचा असेल तर त्यातही चिंच घाला, मध्यम आचेवर दोन शिट्ट्या करा आणि पाणी टाकून द्या. मी नवख्यांना गंजच सुचवते, कारण कुकरमध्ये गावठी सुरण बाहेरून लगदा होतो आणि आत कच्चा राहतो.

फोडी निथळल्या की एक लहानशी फोड खाऊन दोन मिनिटं थांबा. जिभेला चुणचुण जाणवली तर पुन्हा नव्या आंबट पाण्यात दहा मिनिटं उकळा. ही चाचणी झाल्याशिवाय फोडणीला हात घालायचा नाही, घरात पाहुणे असतील तर मुळीच नाही.

खाल्ल्यावर घशात खवखव झालीच तर लिंबू-मीठ चोखा किंवा चिंच चघळा, वर ताक प्या. ओठ-जीभ सुजली, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर घरगुती उपाय करत बसू नका, तडक दवाखान्यात जा.

आता चुलीवर

पहिल्यांदा काप करा, कारण काप बिघडत नाहीत. यासाठी फोडींऐवजी अर्धा सेंटिमीटर जाडीच्या चकत्या करून वरच्याच रीतीने उकडा, फक्त वेळ आठ-दहा मिनिटं पुरते. कापडावर कोरड्या करा. तिखट, मीठ, हळद, आमचूर आणि अद्रक-लसणाची पेस्ट लावून पंधरा मिनिटं ठेवा. ज्वारीच्या पिठात घोळवून तव्यावर थोड्या तेलात दोन्हीकडून खरपूस भाजा. भिवापुरी मिरचीचं तिखट असेल तर रंग आणि चव दोन्ही वेगळीच येते. वरण-भाताबरोबर हे काप असले की लहान मुलंही सुरण म्हणून नाक मुरडत नाहीत.

रोजची सुकी भाजी आणखी सोपी. तेलात मोहरी, जिरं, हिंग, गोडलिंब, ठेचलेला लसण आणि सुकी मिरची. त्यात उकडलेल्या फोडी, हळद, तिखट, मीठ. पाच मिनिटं परतून वरून फल्लीदाण्याचा कूट आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर. झाकण ठेवायचं नाही, फोडींना थोडा कुरकुरीतपणा येऊ द्यायचा. ज्वारीच्या भाकरीबरोबर खावी.

नागपुरात राहून रश्शाशिवाय कंद सोडणं म्हणजे अन्यायच. सुरणाचा रस्सा सावजी धर्तीवर फार देखणा होतो, कारण फोड मसाला पिते आणि तरी आकार सोडत नाही. उकडलेल्या फोडी आधी तेलात लालसर परतून काढून ठेवा. त्याच तेलात कांदा गडद होईपर्यंत भाजा. सुकं खोबरं, धणे, खसखस, मिरे, लवंग, दालचिनी, शहाजिरं, दगडफूल वेगवेगळं भाजून वाटा आणि अद्रक-लसणाबरोबर कांद्यात घालून तेल सुटेपर्यंत परता. इथे घाई करू नका. मसाला कच्चा राहिला तर सुरणाला दोष लागतो. मग तिखट, गरम पाणी, मीठ आणि दाटपणासाठी ज्वारीचं पीठ एक चमचा पाण्यात कालवून घाला. फोडी शेवटी सोडून दहा मिनिटं मंद आचेवर ठेवा. वर तर्री आली पाहिजे. सामिष न खाणाऱ्या घरांत पाहुण्यांसाठी हा रस्सा मानाचा ठरतो. नेहमीच्या जेवणात मात्र तेलाचा हात आखडा ठेवा, नाहीतर सुरणाच्या 79 उष्मांकांचं कौतुक तिथेच संपतं.

उपासाला: तुपात जिरं आणि हिरवी मिरची, फोडी, शेंगदाण्याचा कूट, सैंधव, लिंबू. साबुदाण्यापेक्षा हा पदार्थ मला उपासासाठी कितीतरी बरा वाटतो. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसतं पिष्ट, सुरणात निदान तंतू आहेत. ऋषिपंचमीच्या मिसळीच्या भाजीतही सुरणाला जागा आहेच. तिच्यात अळू आणि सुरण एकत्र येतात, म्हणून आंबट सढळ घाला.

आणि हिवाळ्यात वावरात हुरड्याची शेकोटी पेटलीच असेल तर भरीत करून बघा. लहान कंदाला चिखलाचा जाडसर लेप देऊन निखाऱ्यात पुरायचा. लेप वाळून तडकला आणि आतली सळई सहज गेली की फोडून साल काढायची. गर कुस्करून त्यात मीठ, कच्चं तेल, भाजलेली मिरची, लसण आणि भरपूर लिंबू. यासाठी सौम्य जातीचाच कंद घ्या, कारण इथे फेकायला पाणी नसतं.

औषध म्हणून किती, कसा

ही चिखलाच्या लेपाची रीत मुळात वैद्यांची. आयुर्वेदात तिला पुटपाक म्हणतात, आणि मूळव्याधीवर असा भाजलेला सुरण तेल-मिठाबरोबर द्यावा असं जुन्या ग्रंथांत सांगितलं आहे. सुरणाचं एक नावच अर्शोघ्न, म्हणजे मूळव्याध घालवणारा, असं आहे. भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात तर कंदभाज्यांमध्ये सुरण श्रेष्ठ म्हटला आहे. पण त्याच ठिकाणी पुढे लिहिलं आहे की गजकर्ण, कुष्ठ यांसारख्या कातडीच्या विकारांत आणि रक्तपित्तात, म्हणजे रक्त पडण्याच्या विकारांत, तो हितकर नाही. लोक पहिली ओळ पुढे पाठवतात आणि दुसरी गाळतात.

याचा आजच्या घरातला अर्थ असा. मलावरोध असेल, बसून काम असेल, जेवणात भाज्या कमी पडत असतील, तर आठवड्यातून एक-दोनदा वाटीभर सुरणाची भाजी आणि सोबत ताक जरूर घ्या. तंतू आणि पाणी पोटात गेलं की शौचाला जोर करावा लागत नाही आणि मूळव्याधीचा मूळ त्रास तिथूनच कमी होतो. पण शौचातून रक्त जात असेल तर ती मूळव्याधच आहे असं घरी बसून ठरवू नका. आतड्याच्या दुसऱ्या गंभीर आजारातही रक्त जातं. आधी डॉक्टरांकडून तपासून घ्या. वैद्यांचा सल्ला हवा असेल तर नागपुरात सक्करदऱ्याला शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे, तिथल्या बाह्यरुग्ण विभागात दाखवा. सूरणवटकासारखी तयार आयुर्वेदिक औषधं दुकानातून स्वतःच्या मनाने आणू नका. त्यात सुरणाबरोबर चित्रकासारखी तीक्ष्ण द्रव्यंही असतात. कच्च्या सुरणाचं चूर्ण पाण्यातून घेण्याचा सल्ला कोणी दिला तर तोही मानू नका. खाज येण्याची कारणं चूर्णातही तशीच असतात.

मधुमेह असलेल्यांनी सुरण सोडायची गरज नाही, मोजायची आहे. शंभर ग्रॅम सुरणात साधारण एका पोळीइतकी कर्बोदकं येतात. म्हणून सुरणाची वाटी घेतली की एक पोळी कमी करा. आलूच्या जागी सुरण आणला तर फायदा आहे, आलूच्या जोडीला आणला तर नाही.

ज्यांना कॅल्शियम ऑक्सलेटचा मुतखडा झालेला आहे त्यांनी मात्र सुरण टाळावा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात घामाने शरीरातलं पाणी कमी होतं, लघवी दाट होते आणि खड्याला तेवढंच निमित्त पुरतं. ज्यांना खडा नाही त्यांनीही सुरणाबरोबर दही किंवा ताक ठेवावं. दुग्धजन्य पदार्थांतलं कॅल्शियम ऑक्सलेटला आतड्यातच धरून ठेवतं, त्यामुळे ते रक्तात कमी उतरतं. मूत्रपिंडाचा आजार असून पोटॅशियम मर्यादित ठेवायला सांगितलं असेल, तर आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. गरोदर बायकांनी आणि अंगावर लवकर पुरळ येणाऱ्यांनी आधी विचारून, मग थोड्या प्रमाणात खावा. अगदी लहान बाळांना मी देणार नाही, कारण घशात टोचलं तर त्यांना सांगता येत नाही.

शेवटचं काम, हौस असेल तर: लावणं

बाजूला ठेवलेला कोंबाचा तुकडा पाव ते अर्धा किलोचा असेल तर तो लावता येतो. शेणाच्या काल्यात बुडवून सावलीत एक-दोन दिवस वाळू द्या, म्हणजे कापलेली बाजू सडत नाही. नागपूरच्या मे महिन्याच्या उन्हात लावायची घाई नको. मृगाचा पाऊस पडून माती निवली की लावा. आपली काळी माती पाणी धरून ठेवते आणि सुरणाला साचलेलं पाणी मुळीच सोसत नाही. म्हणून मातीत वाळू आणि कुजलेलं शेणखत भरपूर मिसळा, जमिनीत लावत असाल तर वाफा उंच करा. कुंडी असेल तर दीड फूट खोल आणि तेवढीच रुंद, खाली पाणी जायला मोठी भोकं. कोंब वर ठेवून चार बोटं मातीखाली लावा आणि वरून पालापाचोळा पसरा.

महिन्याभरात एक जाड, ठिपक्याठिपक्यांचा दांडा वर येतो आणि त्याच्या टोकाला छत्रीसारखं एकच मोठं पान उघडतं. अर्ध्या सावलीतही तो छान वाढतो, त्यामुळे आंब्या-जांभळाखालची रिकामी जागा त्याला चालते. जुना, मोठा कंद जमिनीत राहिला असेल तर पावसाळ्याच्या तोंडावर पानाआधी जांभळट फूल येऊ शकतं आणि त्याला कुजलेल्या मांसासारखा वास येतो. कंद सडला म्हणून घाबरून उपटू नका. तो वास किडे बोलावण्यासाठी असतो आणि थोड्याच दिवसांत जातो. घराला फारच लागून असेल तर फूल कापून टाका, कंदाला त्याने काही होत नाही.

डिसेंबर-जानेवारीत पान पिवळं पडून लोळलं की पाणी बंद करा. मग पंधरा दिवसांनी बाजूची माती हलक्या हाताने मोकळी करून कंद काढा. कुदळीचा घाव बसला तर तो कंद टिकत नाही, तो आधी खाऊन टाका. बाकीचे दोन-तीन दिवस सावलीत सुकवून ठेवा.